पुठ्ठ्याची किल्ली

शटरवर मी तिसऱ्यांदा छत्री आपटली तेव्हा शेजारच्या टायरच्या दुकानातला माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, कितीही वाजवा. आत कुणी नाही. गेले ते."

"गेले म्हणजे कुठे गेले?"

"संक्रांतीच्या आधीच. टेबलं-खुर्च्या टेम्पोत भरल्या आणि गेले. फोन लावून बघा, लागत नाही."

"आणि माझं आरसी बुक?"

"तुमच्यासारखे रोज चार जण येतात," तो म्हणाला आणि आत जाऊन टायरला हवा भरायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर 'वरदायिनी मोटर्स' ही पाटी तशीच होती, काचेवर दसऱ्याच्या ऑफरचा कागद तसाच होता, आणि आत अंधार. मी पुन्हा छत्री उचलली. तेवढ्यात पायरीवर बसलेले आमचे हे म्हणाले, "इंदू, पुरे. चल, साडेचारची एसटी चुकेल."

त्यांच्या डाव्या हातावर कापूस आणि पट्टी होती. तासाभरापूर्वीच डायलिसिसवरून सुटले होते. चेहरा पिठासारखा पांढरा. मंगळवारी आणि शुक्रवारी, आठवड्यातून दोनदा, माळशेतहून जिल्ह्याच्या गावी बेचाळीस किलोमीटर यायचं, चार तास मशीनला पडून राहायचं आणि परत जायचं. गाडी घेतली ती एवढ्यासाठीच. बावन्नाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग शिकले तीसुद्धा एवढ्यासाठीच. आणि ती गाडी आमच्या दारात ताडपत्रीखाली उभी होती.

टेम्पररी नंबर महिनाभराचा. दसऱ्याला गाडी आली, दिवाळीनंतर मुदत संपली. शोरूमचा मॅनेजर केसकर घरी येऊन चासी नंबरवर कागद ठेवून, पेन्सिल घासून त्याचा ठसा घेऊन गेला होता. "आठवड्यात पासिंग, पंधरा दिवसांत बुक," म्हणाला. त्याचे पंधरा दिवस डिसेंबरात गेले तरी संपेनात. एकदा नाक्यावर पोलिसांनी अडवलं. यांच्या हाताकडे बघून सोडलं, पण बजावलं, "बाई, पुढच्या वेळी गाडी जमा करीन." तेव्हापासून एसटी. नवीन वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात गर्दीत कुणाचा तरी कोपर यांच्या डाव्या हाताला लागला. त्या हाताच्या शिरेला जोड दिलेली होती, त्यातूनच सुई जायची. रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, "हा हात गेला तर दुसरा करता येईलच असं नाही. स्वतःच्या गाडीनं आणा, नाहीतर इथे खोली घ्या."

मी तहसील कचेरीबाहेर बसणारी बाई. स्टॅम्पपेपर विकते, प्रतिज्ञापत्रं टाइप करते. तीस वर्षं लोकांना दम देत आले की वाचल्याशिवाय सही करू नका. आणि माझ्याकडे माझ्या गाडीचा म्हणावा असा कागद कुठला, तर बुकिंगची एक पावती आणि एक फोटो.

तो फोटो शोरूमनेच काढून, फ्रेम करून दिला होता. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि मी हातभर लांब पुठ्ठ्याची सोनेरी किल्ली छातीशी धरून उभी. शेजारी खुर्चीत हे. आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर तो लावला होता. आल्या-गेल्याला मी सांगायची, "पांढरी ठरली होती, ऐनवेळी कॉफी रंगाची माथी मारत होते. मुहूर्त अकरा चाळीसचा. मी आवाज चढवला, तशी सुतासारखी सरळ आली मंडळी." फोटोच्या कडेला हातात ताट घेतलेली एक म्हातारी अर्धी आली होती. ती कोण, असं कुणी विचारलं तर मी म्हणायची, "असेल शोरूमची झाडणारी."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच आरटीओत गेले. तीन खिडक्या फिरले, दोन ठिकाणी भांडले. शेवटी साळवी नावाच्या हेडक्लार्कच्या टेबलापाशी पोचले. शांत माणूस. चष्मा कपाळावर ठेवून बोलायचा.

"तुमची फाइल आहे की आमच्याकडे," ते म्हणाले.

"आहे? मग तीन महिने उबवताय काय?"

"बसा आधी." त्यांनी मागच्या कपाटातून फाइल काढली. एक नव्हे, दोन फायली. एकाच लाल नाडीने बांधलेल्या. "टॅक्स भरलाय डीलरने, तेवढं बरं झालं. आता हे बघा. बिलावर तुमचं नाव, इंदुमती मनोहर तारळेकर. खाली सही तुमचीच ना?"

"माझीच."

"रंग वाचा."

मी वाचलं. कॉफी. दसऱ्याच्या गर्दीत केसकरने पुढे केलेल्या कागदावर मी उभ्या उभ्या सही ठोकली होती. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

"आता चासी नंबर. बिलावर हा, आणि तुमच्या दारातल्या गाडीचा पेन्सिलचा ठसा हा. जुळत नाही. तुमच्या गाडीचा नंबर या दुसऱ्या फाइलमधल्या बिलावर आहे. भानुदास खिलारे, मुक्काम वाघजाळी. आणि त्यांच्या दारातल्या गाडीचा नंबर तुमच्या बिलावर. अदलाबदल झालीय. आम्ही डीलरला दोन पत्रं पाठवली. त्याने दाबून ठेवली आणि आता दुकानच बंद केलं."

"म्हणजे माझी गाडी तीन महिने तो खिलारे फिरवतोय?"

"तो कुठला फिरवतोय. त्याचीही बंदच आहे. दोनदा येऊन गेला बिचारा. त्याला तोंड नाही, नुसता उभा राहतो."

"मग बिल दुरुस्त करा."

"बिल डीलरच दुरुस्त करणार, आणि डीलर नाही. कंपनीला लिहा, वर्ष जाईल. दुसरा मार्ग सोपा आहे. कागद हलत नाही तर गाडी हलवायची. बिलावर जी ज्याची, ती त्याने घ्यायची. सोमवारी दोघांनी दोन्ही गाड्या इथे समोर उभ्या करा. त्याच दिवशी टेम्पररी नंबरची मुदत वाढवून देतो, पंधरा दिवसांत बुक. पण दोघांची संमती पाहिजे. एकट्याचं काम नाही."

मला त्या केसकरला उभा चिरावासा वाटला. घरी येईपर्यंत मनात माझी त्याच्यावर चार कलमं लावून झाली होती. आणि खिलाऱ्यावर दोन. दुसऱ्याची गाडी दारात उभी आहे हे कळूनसुद्धा हा माणूस मला भेटायला येत नाही म्हणजे काय? साळवींनी आमचा पत्ता त्याला दिलाच असणार की.

गुरुवारी सकाळी मी ताडपत्री काढली.

"पोलिसांनी धरलं तर?" यांनी विचारलं.

"धरू देत. कालव्याच्या रस्त्याने जाते. वाघजाळी काय लांब नाही. आज सोक्षमोक्ष लावते. उद्याचा शुक्रवार काढू कसातरी, पण मंगळवारपासून तुम्हाला त्या एसटीत बसवायचं नाही मला."

हे आत गेले, खुर्चीवर चढून टीव्हीच्या वरचा फोटो काढला आणि पिशवीत घातला.

"तो कशाला?"

"असू दे. लागेल."

कालव्याच्या रस्त्याने अर्ध्यावर आल्यावर ते म्हणाले, "इंदू, तिथे आवाज चढवू नकोस."

"का? गाडी माझी आणि आवाज मी खाली ठेवू?"

"एवढं ऐक. नाहीतर पस्तावशील."

या माणसाने कधी कुणाला दुखवलं नाही, आणि त्याचे भोग मी भोगत आले, असं माझं तेव्हाचं मत. मी गिअर बदलला.

वाघजाळीत खिलाऱ्यांचं घर कुणीही दाखवलं असतं. भानुदास खिलारे पंचक्रोशीतला आचारी. अंगणात मोठमोठी पातेली उपडी घातलेली, चार बाया राखेने घासत बसलेल्या, आणि लिंबाखाली ती कॉफी रंगाची गाडी. मागच्या दाराला पोचा. आतून मसाल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. ती गाडी बघूनच माझं डोकं फिरलं. कोरी गाडी, आणि हिची ही दशा.

भानुदास चाळिशीचा, ठेंगणा माणूस. हात पुसत पुढे आला. "या काकू, या काका. बसा. साळवी सायबांनी सांगितलं होतं, तुमी याल म्हणून."

"मग तुम्ही का नाही आलात?"

तो खाली बघायला लागला. "आईनं येऊ दिलं न्हाई."

"काय म्हणून? माझ्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय इथे आणि तुमची आई..."

"कोण हाय रं?" घरातून आवाज आला आणि पाठोपाठ त्याची म्हातारी आई गजराबाई बाहेर आली. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, वाकलेली नाही, ताठ. तिने आधी पांढऱ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघितलं.

"आलीस व्हय," ती म्हणाली.

मला काही कळेना. ही मला ओळखते कशी? तेवढ्यात यांनी पिशवीतून फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. मी म्हातारीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. कडेला ताट घेऊन उभी असलेली बाई. झाडणारी नव्हती. हातात आरतीचं ताट होतं, निरांजन विझलेलं. आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. बॉनेटवरच्या स्वस्तिकाकडे बघत होती.

"ते कुंकू माझ्या हातचं हाय," गजराबाई म्हणाली. "म्या ओवाळलं गाडीला. नारळ आमच्या भानानं फोडला. आन् म्या आत बसले. जल्मात पयल्यांदा, सोताच्या गाडीत. समदी मानसं हसत हुती. मग तू आलीस. काच ठोठावलीस."

मला आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे. मी विसरले कधीच नव्हते, फक्त सांगताना तेवढा भाग वगळत होते. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. केसकर म्हणत होता, मॅडम, पांढरी एकच आली, ती दुसऱ्यांची आहे, तुमचं बिल कॉफीचं केलंय. मी म्हणाले, माझा नवरा डायलिसिसवर आहे, मुहूर्त टळला तर याद राख, आत्ताच्या आत्ता बुकिंग परत घेते आणि वर ग्राहक मंचात खेचते. साऱ्या शोरूमने ऐकावं एवढ्या मोठ्याने. यांचं आजारपण मी कुऱ्हाडीसारखं वापरलं. केसकर घाबरला, भानुदासच्या कानाला लागला. भानुदास नुसता उभा. मग मीच पुढे झाले आणि गाडीची काच ठोठावली.

"मला माहीत नव्हतं, तुमची पूजा झालीय म्हणून," मी म्हणाले.

"नारळाचं पानी चाकाखाली वल्लं हुतं. तुला दिसत हुतं." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तू म्हनालीस, उतरा. म्या म्हनलं, का? तर म्हनालीस, आजी, तुम्हाला काय, कुठलीही चालेल."

अंगणात पातेली घासायचा आवाज थांबला होता. चारही बाया माझ्याकडे बघत होत्या.

"आई, जाऊ दे आता," भानुदास म्हणाला. "आपली पन गाडी बंद हाय. लग्नाच्या दर सुपारीला टेम्पो करतोय मी. ह्या काकांना दवाखान्यात..."

"त्यांचं काय म्हनत न्हाई मी. त्यो मानूस भला हाय. त्या दिवशी माझ्याकडं बगून त्यानं हात जोडले हुते." तिने यांच्याकडे मान हलवली. मग माझ्याकडे. "पन ज्या गाडीतनं मला उतरवलं तिच्यात मी परत पाय ठिवनार न्हाई. आन् माझ्या घरातलं कुनीबी ठिवनार न्हाई. जा तू."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा रागच आला. एवढ्याशा गोष्टीसाठी ही बाई दोन घरांच्या गाड्या अडवून बसलीय. उद्या शुक्रवार. पुन्हा ती गर्दी, पुन्हा कुणाचा तरी कोपर. जिभेवर सगळं तयार होतं: कायदा, नोटीस, पोलीस. मी यांच्याकडे बघितलं. ते डावा हात उजव्या हाताने सांभाळून लिंबाच्या बुंध्याला टेकले होते. एसटीत बसायचे तसेच.

मी लोकांचे माफीनामे टाइप करते. 'मी खाली सही करणार, माझ्याकडून घडलेल्या वर्तनाबद्दल बिनशर्त माफी मागते.' हजार वेळा केला असेल. तोंडाने म्हणायची वेळ आली तेव्हा पहिलाच शब्द अडला.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"ते समदीच म्हनत्यात. उतरवल्यावर कसं वाटतं, ते तुला ठावं न्हाई." तिने थोडा विचार केला. "जा. बस गाडीत."

"काय?"

"बस म्हनते. पुढं बस."

मी पांढऱ्या गाडीत जाऊन बसले. दार लावलं. गजराबाई अंगण ओलांडून आली, बोटातल्या चांदीच्या वळ्याने काचेवर दोनदा ठोठावलं. मी काच खाली केली.

"उतर," ती म्हणाली.

एवढाच शब्द. बाया बघत होत्या, भानुदासची मान खाली होती, कुंपणापलीकडे रस्त्यावरचे दोघे थांबले होते. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही रागाचंच होतं. तिला उलटून बोलायचे किमान वीस शब्द मला येत होते. मी दार उघडलं आणि उतरले.

ती तशीच उभी राहिली. कुणी काही सांगितलं नाही, पण मला कळलं काय राहिलंय ते. मी दाराला धरून बाजूला झाले आणि म्हणाले, "बसा."

तिने लुगडं सावरलं. पाय आत घेतला, मग दुसरा. सीटवर टेकून बसली, पुढच्या काचेतून बाहेर बघितलं. मग मान वळवून लिंबाखालच्या गाडीकडे बोट दाखवलं.

"आता ती घिऊन जा," म्हणाली. "तुला काय, कुठलीबी चालंल."

भानुदासने दोन्ही हातांनी किल्ली माझ्यापुढे धरली आणि मी त्याला माझी दिली. निघताना गजराबाईने यांच्यासाठी सालं काढून सफरचंदाच्या चार फोडी डबीत दिल्या. तिचा एक जावई डायलिसिसवर असताना वारला होता. काय चालतं, काय नाही, ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

कॉफी रंगाच्या गाडीत मसाल्याचा एवढा वास होता की मी चारही काचा खाली केल्या. कालव्यापाशी आल्यावर मला राहवेना.

"तुम्हाला सगळं माहीत होतं. तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो होतो."

"कधी?"

"तिथेच, शोरूममध्ये. म्हटलं, इंदू, ती म्हातारी बसलीय त्यात. तू म्हणालीस, तुम्ही गप्प बसा, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं." त्यांनी डबी उघडून एक फोड तोंडात टाकली. "मग बसलो गप्प."

घर येईपर्यंत मीही गप्प बसले.

सोमवारी दोन्ही गाड्या आरटीओच्या मैदानात शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. साळवींनी स्वतः येऊन नंबर ताडून बघितले. पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर गजराबाई बसून होती, शेवटपर्यंत खाली उतरली नाही. पंधरा दिवस म्हणाले होते, बाराव्या दिवशी बुक हातात आलं. त्यानंतर चार वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, मी यांना त्या गाडीतून नेलं. मसाल्याचा वास काही गेला नाही. बिनमिठाचं जेवणारा माणूस, बसल्या बसल्या खोल श्वास घ्यायचा आणि विचारायचा, "आज कुणाचं लग्न?" दाराचा पोचा काढून देतो असं भानुदास दोनदा म्हणाला. मी नको म्हटलं.

आता हे नाहीत. गाडी आहे. फोटोही टीव्हीच्या वर आहे, परत तिथेच लावला. परवा भाची आली होती. फोटो बघून हसायला लागली. म्हणाली, "मावशी, केवढी मोठी किल्ली. आणि गाडी पांढरी कशी? तुझी तर कॉफी रंगाची आहे ना? आणि कडेला ही आजी कोण?"

"गाडी तिची आहे," मी म्हणाले. "माझ्या हातात नुसता पुठ्ठा आहे."